अंगणात शाळा भरवणाऱ्या ताराबाई मोडक



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीची माहिती लिहायची आहे, असे बाईंनी सांगितले. कोणी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई घेतल्या, कोणी बाबासाहेब घेतले. मी ताराबाई मोडक घेतल्या. त्या का घेतल्या ते आधी सांगते.

गेल्या वर्षी मी तिसरीत होते. भात झोडून झाले, दिवाळी झाली आणि आम्ही सगळे कामाला मीरा रोडला गेलो. आमच्या पाड्यावरची पुष्कळ माणसे अशी जातात. कोणी वीटभट्टीवर जातात, कोणी इमारतीच्या कामावर जातात. आम्ही जिथे राहिलो त्या भागाचे नाव सिल्व्हर पार्क. नाव ऐकून मला वाटले होते की तिथे मोठी बाग असेल. पण तिथे उंच उंच इमारती, दुकाने, रिक्षा आणि रस्त्यावर मेट्रोचे जाडजूड खांब. एक इमारत नवीन बांधत होते, तिच्या मागे पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यातली एक आमची. बाबा गवंड्याच्या हाताखाली होते आणि आई घमेली वाहायची. माझा धाकटा भाऊ तेव्हा दीड वर्षांचा होता. त्याला सांभाळायचे काम माझे.

रोज सकाळी रस्त्यावर शाळेच्या गाड्या यायच्या. गणवेश घातलेली मुले त्यात चढायची. मी भावाला कडेवर घेऊन बघत राहायची. एकदा आई मला जवळच्या एका शाळेत घेऊन गेली. तिथल्या माणसांनी सांगितले की मुलगी येऊ दे, पण कडेवरचे पोर वर्गात चालणार नाही. ते रागावून बोलले नाहीत. पण पोराला ठेवायचे कुठे? आई त्याला घेऊन परातीवर चढणार कशी? मग माझी शाळा राहिलीच. होळीला गावी आलो तेव्हा मी भागाकार विसरले होते. आणि मी नव्हते तेव्हा शाळेची सहल कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आली होती. माझी सहल चुकली म्हणून मी रडले. तेव्हा बाईंनी मला कपाटातून ताराबाईंचे पुस्तक वाचायला दिले आणि जे समजले नाही ते समजावून सांगितले. ते वाचून मला वाटले की ही बाई तर माझ्यासारख्या पोरांसाठीच कोसबाडला आली होती. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईला झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडिलांचे नाव सदाशिवराव व आईचे नाव उमाबाई. वडील प्रार्थना समाजाचे होते. मुलींनी शिकले पाहिजे असे त्यांच्या घरात मानत. तुम्ही म्हणाल त्यात काय मोठे, आमच्या वर्गात तर मुलीच जास्त आहेत. पण त्या काळी तसे नव्हते. सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली तेव्हा लोकांनी त्यांना किती त्रास दिला, ते आपण ३ जानेवारीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. ताराबाई जन्मल्या तेव्हाही शिकलेल्या बायका थोड्याच होत्या. अशा काळात ताराबाई शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा पास झाल्या.

पुढे त्यांचे लग्न अमरावतीच्या मोडक वकिलांशी झाले. त्यांना एक मुलगी होती. पण संसार नीट चालला नाही. मग त्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या आणि नोकरी करू लागल्या. गुजरातमध्ये राजकोट नावाचे गाव आहे. तिथे शिक्षिका तयार करणारे कॉलेज होते. ताराबाई त्या कॉलेजच्या मुख्य झाल्या. मोठा मान, मोठा पगार. दुसरे कोणी असते तर तिथेच राहिले असते.

पण ताराबाईंच्या मनात एक प्रश्न आला. आपल्या लहान मुलीला शिकवायचे कसे? तेव्हा शाळा म्हणजे पाठांतर आणि छडी. अगदी लहान मुलांसाठी तर चांगल्या शाळा नव्हत्याच. त्यांना समजले की भावनगरला गिजुभाई बधेका म्हणून एक गृहस्थ आहेत. ते आधी वकील होते. वकिली सोडून त्यांनी १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर काढले होते. तिथे मारायचे नाही, भीती घालायची नाही, गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची. गिजुभाईंना मोठ्या मिशा होत्या आणि माया आईसारखी होती, म्हणून लोक त्यांना मिशावाली आई म्हणत. हे वाचून मला फार हसू आले. तुम्हालाही येईल. पण हसून झाल्यावर वाटले की अशी आई प्रत्येक शाळेत पाहिजे.

ताराबाई १९२३ साली राजकोटची मोठी नोकरी सोडून भावनगरला गेल्या. त्यांनी तिथे गिजुभाईंबरोबर सुमारे नऊ वर्षे काम केले. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ नावाची संस्था काढली. शिक्षकांसाठी व आईबापांसाठी शिक्षणपत्रिका नावाचे मासिकही चालवले. ते गुजरातीत होते आणि पुढे मराठीतही निघाले, मराठीचे काम ताराबाई बघत.

इथे मला मारिया मॉन्टेसरी यांच्याविषयी थोडे लिहायचे आहे. त्या इटली देशातल्या डॉक्टर होत्या. त्यांनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी घर काढले. तिथे मुलांना ठोकळे, मणी, निरनिराळ्या आकाराच्या लाकडी वस्तू हाताळायला देत. मुले आपल्या हातांनी शिकत. गिजुभाईंना व ताराबाईंना ही पद्धत फार आवडली. पण एक अडचण होती. ती साधने महाग होती. शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांना ती मिळत. गरिबांच्या मुलांना कोण देणार? ही गोष्ट ताराबाईंच्या मनात राहिली.

भावनगरहून ताराबाई मुंबईला आल्या. तिथे १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. लहान मुलांची शाळा आणि बालशिक्षिकांचे शिक्षण, अशी दोन्ही कामे तिथे चालत. त्यांचे नाव झाले. आता त्यांनी आरामात मुंबईत राहायला हरकत नव्हती. पण शहरातल्या मुलांना सगळे मिळते आणि खेड्यातल्या मुलांना काहीच मिळत नाही, हे त्यांना बरे वाटत नव्हते. म्हणून १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. बोर्डी आपल्याच डहाणू तालुक्यात समुद्राकाठी आहे. पालघर जिल्हा २०१४ साली झाला, त्याआधी डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे ताराबाईंच्या वेळी बोर्डी आणि मीरा रोड एकाच जिल्ह्यात होते. तेव्हा ताराबाईंचे वय त्रेपन्न होते. माझ्या आजीचे वय साधारण तेवढेच आहे. त्या वयात त्यांनी नवे काम सुरू केले. संस्थेचे नाव ठेवले ग्राम बालशिक्षा केंद्र.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. त्यांचे लग्न लहानपणीच लावून दिले होते आणि थोड्याच महिन्यांत त्यांचे पती वारले. लहान वयात विधवा झालेल्या मुलीला तेव्हा फार सोसावे लागे. पण अनुताई शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. ताराबाईंबरोबर त्या बोर्डीला आल्या आणि पुढे जन्मभर हेच काम करीत राहिल्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. काही मुले यायची. पण ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानत त्यांच्या वस्तीतली मुले येईनात. कोणाच्या अंगावर धड कपडे नव्हते. कोणाला घरी काम होते. शिवाशिव पाळणाऱ्या लोकांची भीतीसुद्धा होती. आपण असतो तर काय म्हटले असते? त्यांना शिकायची आवड नाही, असे म्हणून गप्प बसलो असतो. ताराबाई गप्प बसल्या नाहीत. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरवले. त्या आणि अनुताई वस्तीत गेल्या. तिथल्याच एका घराच्या अंगणात त्यांनी मुलांना जमवले. त्यांचे केस विंचरले, नखे कापली, हातपाय धुतले. मग गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू केले. अंगणात भरते म्हणून तिला अंगणवाडी म्हणू लागले.

मित्रांनो, आपल्या पाड्यावरची अंगणवाडी तुम्हाला माहीत आहे. आपण सगळे तिथे खिचडी खाऊन मोठे झालो. पण अंगणवाडी हा शब्द कुठून आला ते मला आतापर्यंत माहीत नव्हते. तो आपल्या तालुक्यातून आला, याचा मला अभिमान वाटतो.

आता महाग साधनांची अडचण राहिली होती. ती त्यांनी कशी सोडवली बघा. समुद्रावर शिंपले होते. झाडाखाली बिया होत्या. शेतात माती होती, रानात पाने आणि बांबू होते. मोजायला शिंपले घेतले, आकार करायला माती घेतली, लहान-मोठे शिकवायला पाने घेतली. एक पैसाही लागला नाही. आणि ही सगळी साधने मुलांच्या ओळखीची होती, त्यामुळे मुले भ्यायली नाहीत.

अकरा-बारा वर्षांनी ताराबाई आणि अनुताई बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आल्या. कारण तिथे आजूबाजूला आम्हा वारल्यांचे पाडे. वारल्यांची मुले शाळेत फारच थोडी जायची. ताराबाई आता पासष्टीला आल्या होत्या. तरी टेकडीवर राहायला आल्या.

इथे त्यांना वेगळेच दिसले. पाड्यावरची मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात. गुरे सोडून शाळेत बसले तर गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरणार. मग ताराबाईंनी काय केले? शाळाच कुरणात नेली. जिथे गुरे चरायची तिथे झाडाखाली शिक्षक जायचे. गुरांवर लक्षही राहायचे आणि अक्षरेही शिकायची. तिचे नाव कुरणशाळा. जी मुले दिवसभर काम करायची त्यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली.

आणि आता माझी आवडती गोष्ट. काही मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर लहान भावंडे असत. आई-बाप मजुरीला गेले की घरी पोराला कोण बघणार? म्हणून कोसबाडला विकासवाडी केली. विकासवाडीत तीन गोष्टी एकाच जागी होत्या. अगदी लहान पोरांसाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि मोठ्या मुलांसाठी प्राथमिक शाळा. ताईने येताना भावाला घेऊन यायचे, त्याला पाळणाघरात द्यायचे आणि आपण वर्गात बसायचे. जाताना परत घेऊन जायचे. किती सोपे! हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. मला सिल्व्हर पार्क आठवले.

ताराबाईंच्या कामाबद्दल सरकारने त्यांना १९६२ साली पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडचे काम चालवले. अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. त्या १९९२ साली वारल्या. ताराबाई वारल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने लहान मुलांसाठी मोठी योजना सुरू केली. सुरुवातीला देशात फक्त ३३ ठिकाणी ती होती. आता सगळ्या देशात अंगणवाड्या आहेत. ताराबाईंना ते बघायला मिळाले नाही.

आता मला जे वाटते ते लिहिते. बाईंनी सांगितले की सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा मिळालीच पाहिजे असा कायदा आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आम्हाला कोणी शाळेतून घालवत नाही. तरी काही मुले शाळेबाहेर राहतात. ताराबाईंच्या गोष्टीवरून मला समजले की मूल आले नाही तर आधी त्याला नावे ठेवू नयेत. ते का आले नाही, ते विचारावे. मग शाळेने थोडे बदलावे. आमच्या वर्गात एका मुलाला कमी ऐकू येते. पहिली-दुसरीत सगळे त्याला ढ म्हणायचे, मीसुद्धा म्हणायची. मग बाईंनी त्याला पुढे बसवले आणि त्याच्याकडे तोंड करून बोलू लागल्या. आता पाढ्यांत तो माझ्या पुढे आहे. म्हणजे ढ कोण होते?

सिल्व्हर पार्कला आमच्या खोल्यांजवळ दुसरीही पोरे होती. कोणी बिहारची, कोणी कर्नाटकातली, कोणी मराठवाड्यातली. त्यांची बोली मला कळत नव्हती आणि माझी वारली त्यांना कळत नव्हती. पण आम्ही फुटक्या फरशीचे तुकडे मोजायचो. मी मराठीत एक म्हटले की ती आपापल्या बोलीत एक म्हणायची. विटेच्या तुकड्याने मी भिंतीवर अ काढायची. तेव्हा तो खेळ होता. आता वाटते की तीसुद्धा एक छोटी शाळाच होती, फक्त तिथे ताराबाई नव्हत्या.

आता थोडे आज आलेल्या पालकांसाठी.

दिवाळीनंतर माझे आई-बाबा परत सिल्व्हर पार्कला जाणार आहेत. मला इथे आजीकडे राहायचे आहे. पण आई मीठ-मिरची आणून घर चालवायला जाते, ती पोराला घेऊन काम कसे करणार? म्हणजे भाऊ माझ्याजवळच राहील. आजीला डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि तो फार पळतो. अंगणवाडीत तीन वर्षांची मुले बसतात, आणि त्याला तीन वर्षे पूर्ण व्हायला अजून आठ महिने आहेत. बाई म्हणतात की तोपर्यंत तो वर्गाच्या ओट्यावर खेळला तरी चालेल. पावसाळ्यात मी त्याला चार दिवस आणलेही होते. तो एकदा रडला, एकदा त्याने फळ्याखालचा खडू खाल्ला. काही पालकांना वाटते की त्यामुळे बाकीच्या मुलांचा अभ्यास बुडेल. त्यांचेही बरोबर आहे. मी त्याला दूर, चिंचेच्या बाजूला बसवीन. रडला तर बाहेर नेईन आणि शांत झाला की परत येईन. मधल्या सुट्टीत ओटा मी झाडीन. त्याच्यासाठी मी बिया आणि शिंपले जमवून ठेवले आहेत, पण ते मोठे मोठेच, तोंडात जाणार नाहीत असे.

आणि माझ्यासारखे आणखी दोघे जण दुसरीत आहेत. त्यांचीही भावंडे घरी आहेत. ते दोघे आठवड्यातून दोनच दिवस येतात. तीन पोरे असली तर एक आजी पाळीपाळीने ओट्यावर बसू शकेल, असे मला वाटते. आमच्या शाळेत पाळणाघर नाही, पण ओटा आहे आणि पाड्यावर आज्या पुष्कळ आहेत.

माझ्या बाबांना वाचता येत नाही. ते आज आलेत. निळा सदरा घालून दाराजवळ उभे असतील. ज्याला वाचता येते त्याने हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. मी वाचून दाखवले असते, पण मला रडू येईल.

अशा या थोर ताराबाईंना आणि अनुताईंना माझा नमस्कार. पुढच्या सहलीला कोसबाडची टेकडी मी बघणारच आहे.

इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी